सोबतचं माणूस

कोल्हापूर
६ ऑगस्ट २०२४

अस्मितावहिनी,

पाकिटावर तुमच्या नावाआधी काय लिहायचं ते कळेना. सौ. लिहिता येत नाही, श्रीमती लिहायला हात धजत नाही. शेवटी नुसतं नाव लिहिलं आणि तुमच्या कामाचा, वारणानगरच्या डेअरीचा पत्ता टाकला. माहेरच्या पत्त्यावर टाकलं असतं तर तुमच्या भावांनी ते फाडलं असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नसतं. माझा नंबर तुम्ही ब्लॉक केलाय, त्याला अडीच वर्षं झाली.

कॉलेजच्या लायब्ररीतलं माझं काम मे महिन्यात संपलं. कंत्राट पुढं वाढवलं नाही. जूनपासून मी एका सर्व्हेवर आहे. एम.एस.डब्ल्यू. करून इतक्या वर्षांनी कुणीतरी ते सर्टिफिकेट बघायला मागितलं. रुजू होताना एक फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता, ‘कुटुंबात कुणाला नशेच्या पदार्थांचं व्यसन होतं का?’ बाकीच्यांनी फुली मारली. मी लिहिलं, थोरला भाऊ, पृथ्वीराज. फौंड्रीत सुपरवायझर. खांद्याच्या दुखण्यापासून सुरुवात, पुढं इंजेक्शन. मृत्यू जानेवारी २०२२. एवढं लिहिल्यावर रकाना भरला. बायको आणि मुलगी म्हणून तुमचं आणि ईश्वरीचं नाव लिहायला जागा उरली नाही.

काम असं आहे. नशा करणाऱ्या माणसाला जिल्ह्यात मदत कुठंकुठं मिळते ती ठिकाणं शोधायची. सरकारी दवाखाना, टोचणं सुटावं म्हणून रोज गोळी देणारं केंद्र, खाजगी व्यसनमुक्तीवाले, तपासणीची लॅब, पोलीस चौकी, समुपदेशनाची खोली. प्रत्येक ठिकाणी तेच विचारायचं, तुमच्याकडं माणूस कुठून येतो, तुम्ही त्याला पुढं कुठं पाठवता, आणि पाठवलेला तिथं पोचला का हे कुणी बघतं का? मग मोठ्या कागदावर ठिकाणांचे गोल काढायचे आणि गोलांमध्ये बाण. पुण्याच्या संयोगिता मॅडम ते कॉम्प्युटरवर घालतात. कोणता गोल किती जणांशी जोडलेला, कोणता एकटा पडलेला, ते आकड्यांत कळतं.

आत्तापर्यंत एकतीस गोल झालेत. एक ठिकाण सांगतं, आम्ही दर आठवड्याला चार-पाच जण तिकडं पाठवतो. तिकडं गेलं की ते सांगतात, त्यांच्याकडून आमच्याकडं वर्षात कोणी आलं नाही. दोघंही वही काढून दाखवतात. दोघंही खरं बोलतात. मधल्या रस्त्यात माणूस कुठं जातो ते कुठल्याच वहीत नाही.

दादाला २०१९ मध्ये तात्यांनी जिथं कोंडलं होतं तिथंही मी जाऊन आले. गेटला अजून कुलूप असतं. ‘घरच्यांनी सांगितलं की उचलून आणतो,’ असं तिथला मालक अभिमानानं म्हणाला. मी ते लिहून घेतलं. तुम्ही तेव्हा तात्यांना म्हणाला होता, ‘तिथं माणसं मारतात, तुमच्या मुलाला मी तिथं सोडणार नाही.’ आणि तात्यांनी तुम्हाला ईश्वरीसकट माहेरी धाडलं होतं. मी त्या दिवशी आतल्या खोलीत इस्त्री करत होते.

माई-तात्या बरे आहेत. उत्तराची अपेक्षा ठेवून लिहीत नाही.

पूर्णिमा

कोल्हापूर
२९ ऑगस्ट २०२४

अस्मितावहिनी,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणून दुसरं लिहिते.

माझ्यासोबत कृष्णात म्हणून एक जण असतो. कबनूरचा, पूर्वी यंत्रमागावर होता. नऊ वर्षं टोचून घेत होता, आता पाच वर्षं झाली, सुटलाय. संस्थेनं त्याला साथी म्हणून नेमलंय, म्हणजे गल्लीबोळांत जाऊन टोचणाऱ्यांशी बोलायचं आणि त्यांना केंद्रावर आणायचं. पहिल्या आठवड्यात मी माझा नकाशा त्याच्यापुढं पसरला. त्यानं बराच वेळ बघितला.

म्हणाला, ‘ताई, कागद झ्याक हाय. पर गोळी मिळती दहा ते एक. मागावरची पाळी सकाळी आठला लागती. मुकादम सोडणार हाय व्हय रोज?’

मी म्हटलं, ‘मग जातात कसे?’

‘जात न्हाईत की. म्हणून तर मरत्यात.’

मॅडमनी सांगितलं, सेवा देणाऱ्यांना विचारून झालं, आता घेणाऱ्यांना विचारा. ‘तुम्ही इथं कसे पोचलात?’ हा एकच प्रश्न. गोळीच्या केंद्रावर मी तेवीस जणांना विचारला. चौदा जणांनी एकच नाव घेतलं, चिमणाबाई. मला वाटलं नर्स असेल. नर्स नाही. दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी चहाची गाडी लावणारी साठीची बाई. कुणाला कुठल्या खिडकीशी जायचं, कुठला डॉक्टर ओरडत नाही, कुठला कागद आधी काढायचा, सगळं तिला पाठ. दोन दिवस कुणी दिसला नाही तर दुसऱ्याला त्याच्या खोलीवर पाठवते. आमच्या एकतीस गोलांत ती नव्हती. आता आहे, आणि सगळ्यांत जास्त बाण तिच्याकडं जातात. मॅडम म्हणाल्या, हिला कुठल्या प्रकारात घालायचं?

त्याच चिमणाबाईनं मला तुमच्याबद्दल सांगितलं. तिला माझं आडनाव कळलं तशी ती माझ्याकडं बघत राहिली.

‘शिरोलीला फौंड्रीत हुता त्यो, उंच, खांदा धरलेला, त्यो तुमचा कोण?’

‘भाऊ.’

‘त्येची बायकू यायची की दर मंगळवारी. वारणंहून यष्टीनं. डबा आणायची, त्येला हितं बाकड्यावर बसवून जेवू घालायची. लई शांत बाई. कुठं आसती आता?’

वहिनी, दुसऱ्या दिवशी मी केंद्रात जाऊन जुनी रजिस्टरं मागितली. आम्ही फक्त आकडे घ्यायचे, नावं वाचायची नाहीत, असं लेखी दिलेलं आहे. मी नावं वाचली. २०२१ चं रजिस्टर. आठवड्याच्या गोळ्या एकदम हव्या असतील तर घरचं माणूस सोबत लागतं, त्यासाठी वेगळा रकाना आहे, ‘सोबतचे.’ १३ जुलैपासून ९ नोव्हेंबरपर्यंत अठरा मंगळवार. अठरा वेळा तुमची सही. तुमच्या सुट्टीचा वार मंगळवार, हे मला तेव्हा आठवलं.

शेवटच्या सहीच्या पुढं समुपदेशकाच्या अक्षरात एक ओळ आहे. ‘दाखल करण्याबाबत घरी फोन केला. नातेवाइकांनी ओळख नाकारली.’

दादा गेल्यावर तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जनाला, नदीवर सगळ्या भावकीपुढं तात्या म्हणाले होते, ‘हिनं टाकलं म्हणून माझं पोरगं गेलं.’ तुम्ही ईश्वरीचा हात धरून चालत गेलात. अठरा सह्या होत्या तुमच्याकडं, आणि तुम्ही एकही दाखवली नाही.

तो फोन घरी कुणी घेतला असेल, याचा मी शोध घेणार आहे.

पूर्णिमा

कोल्हापूर
२२ सप्टेंबर २०२४

अस्मितावहिनी,

घरी सांगितलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर. माई भांडी आवरत होती, तात्या पेपर वाचत होते. मी तारखा लिहून आणल्या होत्या, त्या वाचून दाखवल्या.

माई म्हणाली, ‘किती वेळा आली?’

‘अठरा.’

‘पावसाळ्यात?’

‘हो. जुलै-ऑगस्टात पण.’

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि तिथंच ओट्याला टेकून उभी राहिली. तात्यांनी पेपरची घडी केली. चौतीस वर्षं शाळेत काढलेला माणूस, तसाच बोलला. ‘हजेरी लावली म्हणून पास होत नाही कोणी.’

मग माईनं विचारलं, ‘फोन आल्ता म्हणतीस. घेतला कुणी?’

मी म्हटलं, माहीत नाही.

तिनं तात्यांकडं बघितलं. तात्या म्हणाले, ‘मी नाही घेतला.’ ती बघतच राहिली. ते पुन्हा म्हणाले, ‘मी नाही घेतला म्हणतो ना.’ तिनं पातेलं उचललं आणि पुन्हा घासायला घेतलं.

त्याला आता तीन आठवडे झाले. माई तात्यांशी बोलत नाही. ताट वाढते, औषधाची गोळी वाटीत काढून ठेवते, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात तिनं असं कधी केलेलं नाही. काल तात्या मला हळूच म्हणाले, ‘तू सांग की तिला. मी खरंच घेतला नव्हता गं.’  मी म्हटलं, सांगते.

नकाशाची बैठक झाली. मॅडमनी पडद्यावर दाखवला. बाण पुष्कळ आहेत आणि बहुतेक अर्ध्यावर थांबतात. मी म्हटलं, यात घर कुठंच नाही. माणूस दवाखान्यातून परत कुठं जातो, फोन कुणाला केला जातो, सोबत कुणाला बोलवतात, तेही दाखवायला हवं. मॅडम वाईट नाहीत, पण त्या म्हणाल्या, ‘पूर्णिमा, हा सेवांचा नकाशा आहे. घर ही सेवा नाही.’ कृष्णात मागं बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘बाईंचं बरोबर हाय. घर म्हंजे सेवा न्हाईच. घर म्हंजे दार हाय. उघडलं तर उघडलं.’

नकाशात त्याचं वाक्य कुठं घालायचं ते मला कळलं नाही.

ईश्वरी आता नववीत असेल.

पूर्णिमा

कोल्हापूर
१४ ऑक्टोबर २०२४

अस्मितावहिनी,

मागच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं. तो फोन मी घेतला होता.

९ नोव्हेंबर २०२१, दिवाळीनंतरचा मंगळवार. तुम्हाला ती तारीख माझ्याआधी माहीत आहे. त्या दिवशी बिद्रीची माणसं मला बघायला आली होती. मी पस्तिशीची, आणि तात्यांनी कितीतरी महिन्यांनी कुणाला घरी यायला राजी केलं होतं. दादाबद्दल त्यांना सांगितलेलं होतं की तो बाहेरगावी नोकरीला आहे. पावणं बाहेरच्या खोलीत बसले होते, मी स्वयंपाकघरात पोह्यांच्या बशा भरत होते. मोबाइल वाजला. दादानं घरचा नंबर म्हणून माझा दिला होता.

पलीकडून एक बाई बोलल्या. पृथ्वीराज तुमचेच ना? ते दाखल व्हायला स्वतःहून तयार झालेत. हाताची जखम चिघळलीय, परत टोचायला लागलेत, आता लांबवू नका. एकवीस दिवस ठेवायला लागतील आणि सोबत एक माणूस लागतं. त्यांच्या मिसेस दहा दिवस रजा काढतायत. राहिलेले अकरा दिवस घरचं कोणी थांबेल का?

सगळं असं नीट सांगितलं त्यांनी. म्हणजे तुम्ही त्याच्याजवळ होता हे मला तेव्हाच कळलं होतं. रजिस्टर बघून मला धक्का बसला असं मी तुम्हाला भासवलं. अठरा हा आकडा तेवढा माझ्यासाठी नवीन होता.

मला अकरा दिवस थांबता आलं असतं. लायब्ररीला दिवाळीची सुट्टीच होती. बाहेरून तात्यांनी हाक मारली, ‘पूर्णिमा, आण की बाहेर.’ मी पदर तोंडाशी धरला आणि म्हटलं, ‘राँग नंबर आहे. आमच्यात ह्या नावाचं कोणी नाही.’ मग बशा घेऊन बाहेर गेले. मुलाच्या आईनं विचारलं, कुणाचा फोन? मी म्हटलं, बँकेचा.

ते स्थळ पुढं जमलंच नाही. जमलं असतं तरी यात काही फरक पडला असता असं नाही.

मनात होतं, उद्या फोन करू. मग म्हटलं रविवारी करू. दादा शिरोलीच्या खोलीत एकटा गेला तो १९ जानेवारीला. म्हणजे मला एकाहत्तर दिवस होते.

आणि नदीवर तात्या बोलले तेव्हा तुम्ही तात्यांकडं बघितलंच नाहीत, माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं, तुम्ही मदत मागताय. म्हणून मी मान खाली घातली.

तुम्हाला लिहायचं म्हणूनच कदाचित मी हे काम घेतलं. तसंही नसेल. आता माझं मलाच कळत नाही मी कुठली गोष्ट कशासाठी करते. एवढं खरं आहे की तात्या रोज सकाळी माईच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहतात आणि परत येतात. त्यांनी न केलेल्या गोष्टीसाठी. तुमच्याबाबतीत मी जे होऊ दिलं, तेच त्यांच्याबाबतीत होऊ देतेय.

पूर्णिमा

कबनूर
१७ नोव्हेंबर २०२४

अस्मितावहिनी,

वरचा पत्ता बदललाय. इथल्या व्यसनमुक्ती केंद्राच्या मागं एक खोली मिळालीय. सकाळी आठपासून माग सुरू होतात, भिंत थरथरते. सवय होईल.

दिवाळीच्या पाडव्याला शेजारचे आकारामकाका फराळाला आले होते. गप्पा दादावर गेल्या. आकारामकाका म्हणाले, असा उमदा पोरगा. तात्या नेहमीचंच बोलले, पण या वेळी आवाजात जोर नव्हता. ‘काय करायचं, सुनेनं टाकलं त्याला.’ माई दारात उभी होती.

मी म्हटलं, ‘तात्या, वहिनींनी टाकलं नव्हतं. दवाखान्यातून फोन आला होता. मी घेतला. मी सांगितलं, आमच्यात ह्या नावाचं कोणी नाही.’

आकारामकाकांनी हातातला चकलीचा तुकडा ताटात ठेवला आणि येतो म्हणून उठले. कुणी त्यांना बस म्हटलं नाही.

तात्या म्हणाले, ‘कधी?’

‘बिद्रीची माणसं आली होती त्या दिवशी.’

‘तेव्हा तुला माहीत होतं, ती पोरगी त्याच्याजवळ जात होती?’

‘हो.’

‘आणि मी नदीवर चारचौघांत बोललो, तेव्हा तू माझ्या शेजारी उभी होतीस.’

‘हो.’

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या टोकाला पुसला. ‘मला बोलू दिलंस तू,’ एवढंच म्हणाले. मग चष्मा परत लावून, ‘तू जा इथनं.’

 मी बॅग भरत होते तेव्हा माई तात्यांच्या खुर्चीजवळ जाऊन खाली बसली होती, पाठ माझ्याकडं. त्यांच्यातलं बोलणं सुरू झालंय असं नंतर आकारामकाकांच्या घरून कळलं. मला फोन येत नाही.

मॅडमना मी रजिस्टरबद्दलही सांगून टाकलं. लेखी वचन मोडलं म्हणून त्यांनी मला सर्व्हेतून काढलं. काढायलाच हवं होतं. जाता जाता त्यांनी विचारलं, ती ओळ खरंच तशीच लिहिलीय? मी हो म्हटलं. अहवालात त्यांनी एक तक्ता वाढवलाय, ‘घरी संपर्क केल्यावर काय झालं’ असा. एकशे बारा फोन, त्यांतले एकोणसाठ नकार. नावं नाहीत. त्या एकोणसाठांतली एक मी आहे.

कृष्णातनं मला इथं कामाला लावलंय. दाखल झालेल्या ज्यांच्यासोबत घरचं कोणी येत नाही त्यांच्याजवळ थांबायचं. गेला आठवडा मी एका मागवाल्याजवळ होते, ज्ञानू नाव. तो चौथ्या दिवशी पळून गेला. परवा कॅनॉलच्या कडेला सापडला. जिवंत नव्हता. त्याच्या बहिणीला कळवायचं काम माझ्याकडं आलं. तिनं फोन उचलला, नाव विचारलं, आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘कुठं यायचं सांगा, येतो आम्ही.’ आली पण.

मी क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्हाला द्यायची की नाही हे ठरवावं लागेल, तेवढंही ओझं तुमच्यावर नको. तुमच्या अठरा सह्या तात्यांना माहीत आहेत, माईला माहीत आहेत, आकारामकाकांच्या घरी माहीत आहेत, म्हणजे गल्लीला माहीत आहेत. ईश्वरीला कुणी काही बोललं असेल तर तिला हे सांगता येईल.

आता पत्र लिहिणार नाही.

पूर्णिमा

वारणानगर
२ डिसेंबर २०२४

पूर्णिमा,

तुझी पाचही पत्रं पोचली. डेअरीतल्या खणात आहेत. पाचवं वाचून झाल्यावर लिहायचं ठरवलं, कारण तुला एक गोष्ट माहीत नाही आणि ती तुला माहीत असावी असं मला वाटतं. चांगल्या हेतूनं सांगतेय असं समजू नकोस. हेतू मला माहीत नाही.

नदीवर मी तुझ्याकडं मदत मागायला बघितलं नव्हतं. फोन तू घेतला होतास हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या दिवशी मी समुपदेशक बाईंच्या टेबलाशीच बसले होते. टेबलाच्या या बाजूला मी, माझ्या शेजारी तुझा दादा. बाईंच्या मोबाइलचा आवाज नीट येत नव्हता म्हणून त्यांनी स्पीकर लावला होता. तू बोललेला शब्द न् शब्द आम्ही तिघांनी ऐकला.

 बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी तुझ्या दादाकडं बघायचं टाळत होते. तोच बोलला. मला म्हणाला, ‘पूर्णीचा आवाज किती बसलाय गं. सर्दी झाली वाटतं तिला.’

दाखल करायचं राहिलं. मी बाईंना म्हटलं होतं, एकवीस दिवस मीच काढते, बिनपगारी रजा घेते. तो नको म्हणाला. ईश्वरीची परीक्षा आहे, पुढच्या महिन्यात बघू, म्हणाला. पुढचे दोन मंगळवार मी डबा घेऊन आले, तो आला नाही. चिमणाबाईजवळ डबा ठेवून परत गेले. तिसऱ्या मंगळवारी मी आले नाही. हे माझं आहे, ते तुझ्या खात्यात घालू नकोस.

तुझ्या माईला सांग, ईश्वरी मे महिन्यात दोन दिवस येईल. मी येणार नाही.

फोन झाला त्या दिवशी स्टँडवर तुझा दादा मला सोडायला आला होता. गाडी लागेपर्यंत दोनदा म्हणाला, ‘पूर्णीला फोन करून विचार की, सर्दीचं औषध घेतलंय का.’

मी केला नाही.

अस्मिता